फिरत्या पात्याची थरथर घड्याळावर कशी पकडायची

प्रश्न थोडक्यात असा. मुंबईतल्या एका कॉलेजात एम.टेक. करणाऱ्या मुलाच्या प्रयोगशाळेत १२ पोलादी पात्यांची एक चकती आहे. टोकापाशी त्रिज्या २०० मिलिमीटर, फेऱ्या मिनिटाला ३००० पर्यंत. पात्यांना धक्के द्यायला समोर चार चुंबक, ९०-९० अंशांवर. पात्यांवर स्ट्रेन गेज (पातं किती ताणलं जातंय ते मोजणाऱ्या पट्ट्या) चिकटवले, तारा शाफ्टमधून स्लिप रिंगपर्यंत (फिरत्या भागातला सिग्नल बाहेर आणणाऱ्या कड्यांपर्यंत) नेल्या, आणि तिसऱ्या दिवशी सगळं बोंबललं. आता एकच गेज जिवंत आहे, बाकी नुसती खरखर. गाइड म्हणाले, गेजचा नाद सोड, बाहेरून सेन्सर लावून मोज. मुलाला विचारायचंय: सेन्सर कोणता, किती, कुठे, लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानात भागेल का, आणि शेवटी पात्यातला ताण कळेल का.

भागेल. पण आधी एक गोष्ट. या पद्धतीत, म्हणजे ब्लेड टिप टायमिंगमध्ये, तुम्ही कंपन मोजत नाही, वेळ मोजता. सेन्सर जागेवर गप्प बसलेला असतो. समोरून पात्याचं टोक गेलं की एक पल्स देतो, बस्स. पातं थरथरत नसेल तर ते ठरल्या क्षणी यायला हवं. थरथरत असेल तर टोक पुढे वाकलेलं असताना लवकर येईल, मागे वाकलेलं असताना उशिरा. लवकर-उशिराचा तो फरक गुणिले टोकाचा वेग, की टोक किती सरकलं ते हाती आलं. बाकीचं सगळं, म्हणजे किती हर्ट्झ, कुठला मोड (पातं वाकतंय की पिळतंय, तो थरथरण्याचा प्रकार), किती ताण, हे त्या फरकांवर रचलेलं अनुमान. मी या कामात पंचवीसेक वर्षं आहे. फसलेल्या मोजण्या पुष्कळ पाहिल्या, त्यातल्या काही माझ्याच. इलेक्ट्रॉनिक्सने दगा दिल्याची उदाहरणं त्यात फार थोडी. मोजणी कुठे संपते आणि अनुमान कुठे सुरू होतं हे कोणी पाहिलंच नव्हतं, अशी जास्त.

तुमच्याच चकतीचे आकडे घेऊ. ३००० फेऱ्यांना टोकाचा वेग सेकंदाला ६२.८ मीटर. टोक १० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सरकलं तर पल्स ०.१६ मायक्रोसेकंदाने पुढेमागे होतो. ऐकायला भयंकर वाटतं, पण ७२ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या साध्या मायक्रोकंट्रोलरचा टायमर दर १४ नॅनोसेकंदांना एक टिक मोजतो, आणि तेवढ्या वेळात तुमचं टोक एक मायक्रॉनसुद्धा पुढे जात नाही. विमानाच्या इंजिनातल्या पंख्याचं टोक सेकंदाला ४०० मीटरच्या वर पळतं. तिथे तेच १० मायक्रॉन २५ नॅनोसेकंदांत उरकतात, म्हणून तिथली यंत्रणा महाग. तुमचं काम एका पिशवीत बसेल. फक्त वेळ टायमरच्या इनपुट कॅप्चरने पकडा, म्हणजे पल्स आल्या क्षणी हार्डवेअरच आकडा टिपून ठेवतं. इंटरप्ट (प्रोग्रामला हातातलं काम थांबवायला लावणारा इशारा) येऊ द्यायचा आणि मग प्रोग्रामने घड्याळ वाचायचं, हे करू नका. त्यात एखादा मायक्रोसेकंद इकडचा तिकडे होतोच, आणि तुमच्या टोकाशी एक मायक्रोसेकंद म्हणजे ६३ मायक्रॉन.

"ठरला क्षण" कोण ठरवणार? त्यासाठी शाफ्टवर एक खूण लागते, दर फेरीला एक पल्स देणारी. दोन खुणांमधला वेळ म्हणजे एक फेरी; ती पूर्ण फेरी एकाच वेगाने झाली असं धरून बाराही पात्यांच्या वेळा मांडायच्या. पण हे "धरून" महागात पडू शकतं. समजा ३००० फेऱ्यांच्या आसपास तुम्ही वेग सेकंदाला १० आरपीएमने (आरपीएम म्हणजे मिनिटाला फेऱ्या) वाढवताय. एका फेरीत वेग ०.२ आरपीएमनेच बदलतो. क्षुल्लक? फेरीच्या मध्यावर येणाऱ्या पात्याला यातून १० मायक्रॉनचं खोटं सरकणं चिकटतं. सेकंदाला १०० आरपीएमने पळवलंत तर १०० मायक्रॉन. हिशेबात त्वरण धरलं की हे जातं, सूत्र शाळेतलंच आहे, पण ते धरायला हवं. दुसरं, खूण चकतीच्या शक्य तितकी जवळ ठेवा. मोटरच्या टोकाला ठेवलीत तर मधल्या शाफ्टचा आणि कपलिंगचा पीळ पात्यांच्या नावावर जमा होईल.

काही जण यावर सोपा इलाज करतात: दर फेरीला बाराही पात्यांची सरासरी काढायची आणि ती प्रत्येकातून वजा करायची. शाफ्टची डगमग खरंच जाते. पण बाराही पाती एकदम एकाच दिशेला झुलत असतील तर ती झुलणीही त्याच वजाबाकीत जाते. त्यामुळे आधी कच्चा आलेख पाहा, मग वजाबाकी करा.

आता मुख्य अडचण. सेन्सरला एक पातं फेरीतून एकदाच दिसतं. ३००० आरपीएम म्हणजे सेकंदाला ५० वेळा. तुमचं पातं १८० हर्ट्झने थरथरतंय, ती त्याची स्वतःची फ्रिक्वेन्सी, असं धरू. मग दोन दर्शनांच्या मध्ये ते साडेतीन वेळा झुलून मोकळं झालेलं असतं. ट्यूबलाइटखाली पंखा उलटा फिरताना दिसतो, तोच घोळ इथे.

आणि त्याहून वाईट प्रकार रेझोनन्समध्ये होतो, म्हणजे धक्क्यांचा ताल पात्याच्या स्वतःच्या फ्रिक्वेन्सीशी जुळतो तेव्हा. चार चुंबक म्हणजे प्रत्येक पात्याला फेरीत चार धक्के. याला चौथी इंजिन ऑर्डर म्हणतात. १८० भागिले ४, म्हणजे सेकंदाला ४५ फेऱ्या, म्हणजे २७०० आरपीएमला पातं जोरात झुलणार. पण ते फेरीत बरोबर चार वेळा झुलतंय! म्हणजे सेन्सरसमोर येताना दर वेळी त्याच अवस्थेत येणार. आजच्या फेरीत २ मायक्रोसेकंद उशीर, पुढच्या फेरीत २ मायक्रोसेकंद उशीर, त्याच्या पुढच्या फेरीतही तेवढाच. आकडा ढिम्म हलत नाही.

दादरच्या फलाटावर रोज उभं राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. ८ वाजून १२ मिनिटांची गाडी रोज न चुकता सव्वाआठला आली, तर महिन्याभरात तुम्ही तिला सव्वाआठचीच म्हणायला लागता. उशीर दिसायचाच बंद होतो, कारण तो बदलत नाही. तो पकडायचे दोनच मार्ग. एक, त्याच गाडीची वेळ ठाण्याला, घाटकोपरला, कुर्ल्याला अशी वेगवेगळ्या ठिकाणी घ्यायची. दुसरा, वेळापत्रक बदलतं तेव्हा उशीर कसा बदलतो ते पाहायचं. पात्याच्या बाबतीत पहिला मार्ग म्हणजे एकाहून जास्त सेन्सर, दुसरा म्हणजे वेग हळूहळू बदलत रेझोनन्स ओलांडणं. दोन्ही एकत्र करायचे असतात.

सेन्सर कुठे लावायचे यावर माझी स्वतःची फजिती सांगते. पंधराएक वर्षांपूर्वी एका कारखान्यात कॉम्प्रेसरच्या रिगवर मोजणीला गेले होते. केसिंगला चार भोकं आधीपासून होती, सुंदर, समान अंतरावर, ९० अंशांवर. नवीन भोकं पाडायची तर परवानग्या, मशिनिंग, आठवडाभराचा खोळंबा. म्हटलं आहेत तीच वापरू. पुढे चार स्ट्रट (हवेच्या वाटेतले आधाराचे दांडे) होते, म्हणजे आम्हाला हवी होती तीच चौथी ऑर्डर. पहिल्या दिवशी चारही सेन्सरचे आलेख एकमेकांवर इतके तंतोतंत बसले की आम्ही खूश झालो. काय स्वच्छ मोजणी म्हणून एकमेकांना चहा पाजला. दुसऱ्या दिवशी दुपारी कोणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला. चौथ्या ऑर्डरमध्ये ९० अंश म्हणजे बरोबर एक पूर्ण झोका. चारही सेन्सर पात्याला एकाच अवस्थेत पाहत होते. चार सेन्सर, चार केबल, चार चॅनेल, आणि माहिती एकाची.

तुमचे चुंबक ९० अंशांवर आहेत, आणि सेन्सरही चार घेऊन ९० अंशांवर लावायचा मोह तुम्हाला होणार. म्हणून हे लांबण लावलं.

तेव्हा आम्ही अगदीच रिकाम्या हाताने परतलो नाही, तेही सांगते, कारण तुमच्याकडे एकच सेन्सर चालू राहिला तर उपयोगी पडेल. वेग हळू वाढवत रेझोनन्स ओलांडलं की एका सेन्सरचा आलेख आधी सपाट असतो, मग हलतो, मग पुन्हा सपाट होतो. सेन्सर कुठे आहे त्यावर तो हलण्याचा आकार ठरतो: कधी नुसता वर टेकाड, कधी खाली खड्डा, कधी आधी वर मग खाली असा आडवा एस. पण आकार कुठलाही असो, सगळ्यात वरचं टोक आणि सगळ्यात खालचं टोक यांतलं अंतर तेवढंच राहतं, आणि ते पात्याच्या रेझोनन्समधल्या ॲम्प्लिट्यूडएवढं (मधल्या जागेपासून झोका जास्तीत जास्त जितका जातो तेवढं) असतं. कारण भूमितीचं आहे. एका मोडचा प्रतिसाद फेजसकट (झोका कुठल्या अवस्थेत आहे त्यासकट) कागदावर काढला तर जवळपास वर्तुळ येतं, त्याचा व्यास म्हणजे ॲम्प्लिट्यूड, आणि सेन्सरला दिसते ती त्या वर्तुळाची सावली. वर्तुळाची सावली कुठूनही घेतली तरी व्यासाएवढीच पडते. झाब्लोत्स्की आणि कोरोस्तेलेव्ह या सोव्हिएत संशोधकांनी १९७० च्या सुमाराला टर्बाइनच्या पात्यांवर हीच युक्ती वापरली. मर्यादा अशी की किती ऑर्डर हे यातून कळत नाही, आणि ऑर्डर माहीत नसेल तर फ्रिक्वेन्सीही कळत नाही. २७०० आरपीएमला काहीतरी झालं, इतकंच.

म्हणून चार सेन्सर घ्या, पण शहाणपणाने पेरा. चौथ्या ऑर्डरसाठी ०, २२.५, ४५ आणि ६७.५ अंशांवर लावले तर पातं झोक्याच्या ०, ९०, १८० आणि २७० अंशांवर दिसेल. याहून चांगलं काय! पण तुमचे चार चुंबक आठवी ऑर्डरही देतात, १३५० आरपीएमला. आठव्या ऑर्डरसाठी हेच चार सेन्सर ०, १८०, ० आणि १८० वर पडतात, म्हणजे दोनच वेगळ्या जागा, म्हणजे पुन्हा आमची फजिती. शिवाय एखादा चुंबक बाकीच्यांपेक्षा दुबळा निघाला किंवा मिलिमीटरभर लांब बसला की तिसरी, पाचवी, सहावी अशा आगंतुक ऑर्डरीही हजेरी लावतात. तेव्हा कोन मुद्दाम वेडेवाकडे ठेवा आणि लावायच्या आधी कागदावर तपासा. प्रत्येक ऑर्डरसाठी साइन, कोसाइन आणि एक स्थिर पद अशी तीन स्तंभांची मॅट्रिक्स लिहा, सेन्सरगणिक एक ओळ, आणि तिचा कंडिशन नंबर काढा, म्हणजे मोजणीतली छोटी चूक उत्तरात किती फुगू शकते ते सांगणारा आकडा. आकडा लहान असेल तितकं बरं. दहाच्या वर गेला तर कोन बदला. संगणकाला हजारो कोन तपासायला लावणारा प्रोग्राम वीस ओळींचा आहे. अज्ञातं तीन आहेत, म्हणून तीन सेन्सरमध्ये उत्तर येतं. चौथा अशासाठी की उत्तर चुकलं तर ते कळावं. दोन ऑर्डरी एकाच वेगाला एकत्र आल्या तर अज्ञातं पाच होतात आणि चार सेन्सर पुरत नाहीत, हेही ध्यानात असू द्या.

कुठल्या वेगाला कुठली ऑर्डर कुठल्या मोडला भिडणार याचा नकाशा मोजणीच्या आधी भिंतीवर लागलेला हवा. आडव्या अक्षावर आरपीएम, उभ्या अक्षावर हर्ट्झ, ऑर्डरींच्या तिरप्या रेषा आणि मोडच्या जवळजवळ आडव्या रेषा. जनरल इलेक्ट्रिकच्या विल्फ्रेड कॅम्पबेल यांनी १९२४ मध्ये टर्बाइनच्या चकत्यांवरचं त्यांचं काम प्रसिद्ध केलं, तेव्हापासून या आलेखाला त्यांचं नाव आहे. तो नसताना मोजणीला बसणं म्हणजे वेळापत्रक न पाहता गाडीची वाट पाहणं.

आता वेग किती हळू बदलायचा? इथे मुलं सर्रास चुकतात. पोलादी पात्याचं डॅम्पिंग, म्हणजे झुलणं आपोआप विरवण्याचा गुण, फार कमी असतं. पाव टक्का धरलं तर १८० हर्ट्झच्या रेझोनन्सची रुंदी ०.९ हर्ट्झ निघते. चौथ्या ऑर्डरवर ती आरपीएममध्ये केवढी? साडेतेरा. सगळा खेळ साडेतेरा आरपीएममध्ये सुरू होऊन संपतो! सेकंदाला १० आरपीएमने गेलात तर तो १.३ सेकंदांत ओलांडला, आणि पात्याचं झुलणं अंगात यायला किंवा ओसरायलाच ०.३५ सेकंदाच्या पटीत वेळ लागतो. पातं पूर्ण रंगात येण्याआधी तुम्ही पुढच्या स्टेशनवर. ॲम्प्लिट्यूड कमी दिसेल, शिखर पुढे सरकलेलं दिसेल, डॅम्पिंग खोटं जास्त निघेल. सेकंदाला १ आरपीएम ठेवा. कंटाळा येईल, येऊ द्या. वर जाताना एकदा आणि खाली येताना एकदा घ्या. दोन्ही शिखरं एकाच आरपीएमला आली तर वेग पुरेसा हळू आहे असं समजा.

सेन्सर कोणता. तुमच्या चकतीला खरं केसिंग नाही, जाळीचं गार्ड आहे असं धरते. मग पात्यांच्या एका बाजूला लेझर डायोड, दुसऱ्या बाजूला फोटोडायोड, किरण शाफ्टला समांतर, टोकाच्या थोडं आत. पातं आलं की किरण तुटतो. टोकावरून परावर्तित होणारा उजेड पकडण्यापेक्षा हे कितीतरी सोपं, कारण उजेड किती परत येईल हे पात्याच्या चकाकीवर अवलंबून राहत नाही. मात्र किरण १९५ मिलिमीटरवर असेल तर हिशेबात त्रिज्या १९५ घ्या, २०० नव्हे. आणि निघालेलं सरकणंही त्या जागेचं आहे, टोकाचं नाही.

लॅमिंग्टन रोडवर गेलात की दुकानदार पॅकिंग मशीनवर लागतो तो तयार फोटोइलेक्ट्रिक सेन्सर पुढे करेल. दिसायला दणकट, जोडायला सोपा. डेटाशीटवर प्रतिसादाचा वेळ बघा. अर्धा मिलिसेकंद असेल तर तेवढ्यात तुमचं टोक ३१ मिलिमीटर जातं. नको. धातू जवळ आला की चालू होणाऱ्या इंडक्टिव्ह प्रॉक्सिमिटी स्विचचीही तीच गत. सुटा फोटोडायोड, एक ॲम्प्लिफायर, एक कंपॅरेटर (व्होल्टेजने ठरलेली पातळी ओलांडली की सांगणारी चिप), इतकंच आणा. फोटोट्रान्झिस्टर स्वस्त पडतो, पण आळशी असतो.

खरी अचूकता जाते कुठे, ते पल्स जवळून पाहिल्यावर कळतं. ऑसिलोस्कोपवर एक पल्स मोठा करून बघा. तो उभ्या भिंतीसारखा चढत नाही, उतारासारखा चढतो. किरण १ मिलिमीटर जाड असेल तर पात्याच्या कडेला तो पार करायला १६ मायक्रोसेकंद लागतात. कंपॅरेटर या उतारावर कुठल्यातरी उंचीला "आलं" म्हणतो. लेझरचा उजेड २ टक्के इकडेतिकडे झाला, काचेवर तेलाचा थर आला, खोलीतली ट्यूब लुकलुकली, की उताराची उंची बदलते आणि तोच ठरावीक व्होल्टेज वेगळ्या जागी गाठला जातो. अर्ध्या उंचीवर पकडत असाल तर २ टक्क्यांच्या फरकाला सुमारे १० मायक्रॉनची चूक. टायमर १४ नॅनोसेकंदांचा असो की १ चा, ही चूक तशीच राहते. इलाज दोन: किरण लेन्सने बारीक करा, आणि ठरावीक व्होल्टेजऐवजी शिखराच्या ठरावीक हिश्श्यावर पकडा. टायमरवर पैसे घालण्याआधी लेन्सवर घाला, असं मी कुठल्याही मुलाला सांगेन.

खऱ्या यंत्रांवर चित्र वेगळं असतं. उजेडाचा सेन्सर सगळ्यात नेमका, पण धूर, तेल, काजळी लागली की आंधळा. पोलादी पात्यांना चुंबकीय सेन्सर चालतो. टायटॅनियमच्या पंख्यासमोर तो मुका होतो, तिथे एडी करंट सेन्सर (धातूत उठणाऱ्या भोवरी प्रवाहांवरून पातं ओळखणारा) लागतो. कपॅसिटिव्ह सेन्सर टोक आणि केसिंग यांतली फटही सांगतो, म्हणून इंजिनवाल्यांना आवडतो. तुम्हाला यातलं काही लागणार नाही.

गेजची बाजूही घ्यायला हवी. गेज सलग सिग्नल देतो, थेट विकृती (स्ट्रेन) मोजतो, फ्रिक्वेन्सीबद्दल शंका ठेवत नाही. पण बारापैकी दोन-तीन पात्यांवरच लावता येतो, आणि बाराही पाती सारखी नसतात. हजारांश मिलिमीटरचा जाडीतला फरक, मुळाशी घट्ट-सैल बसणं, यामुळे प्रत्येकाची फ्रिक्वेन्सी थोडी वेगळी. एवढ्याशा फरकानेही कंपनाची ताकद एखाद्या पात्यात गोळा होऊ शकते. व्हाइटहेड या संशोधकांनी १९६६ मध्ये याची वरची मर्यादा दाखवली: पात्यांच्या संख्येचं वर्गमूळ काढा, त्यात एक मिळवा, बेरजेला दोनने भागा. तुमच्या बारा पात्यांना २.२३. म्हणजे सगळी सारखी असती तर जेवढं झुललं असतं त्याच्या सव्वादोन पटीपर्यंत एखादं पातं झुलू शकतं, आणि गेज नेमका त्याच पात्यावर असेल याची खात्री कोण देणार? बाहेरून वेळ मोजताना बाराही पाती एकाच वेळी दिसतात. या पद्धतीची माझ्या मते खरी कमाई हीच. तारा वाचतात ती वरकमाई.

वीज केंद्रांत ही पद्धत का लागते, तेही दोन शब्दांत. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे नरोरा अणुवीज केंद्राच्या पहिल्या युनिटमध्ये लो-प्रेशर टर्बाइनच्या शेवटच्या टप्प्यातली दोन पाती थकव्याने तुटली. तोल गेलेला रोटर एवढा हादरला की जनरेटरची हायड्रोजन सील फुटली, हायड्रोजन पेटला, तेल पेटलं, केबली जळत गेल्या आणि केंद्र अंधारात गेलं. अणुभट्टी सुखरूप राहिली. सुरुवात दोन पात्यांपासून झाली होती.

पण तिथे मोजायचं म्हणजे वेगळाच पेच. ट्रॉम्बे असो की आणखी कुठलं केंद्र, ग्रिडला जोडलेला टर्बाइन ३००० आरपीएम सोडत नाही. ग्रिडची फ्रिक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात ठेवायची असते, त्यामुळे वेग बदलून रेझोनन्स ओलांडायची मुभा नाही. ते फक्त सुरू करताना आणि बंद करताना जमतं. चालू असताना शोधायचं ते ऑर्डरशी न जुळणारं कंपन. सौर वीज भर दुपारी ग्रिडमध्ये आली की कोळशाच्या युनिटना भार खाली आणावा लागतो, मग शेवटच्या टप्प्यात वाफ नीट वाहत नाही, उलटी फिरते, आणि लांब पाती आपल्याच फ्रिक्वेन्सीने फडफडू लागतात. हे कंपन एका सेन्सरलाही हलताना दिसतं, पण खोट्या नावाने. १३० हर्ट्झचं पातं सेकंदाला ५० वेळा पाहिलं की २० हर्ट्झ दिसतं. १२० चंही २० च दिसतं, ८० चं आणि ७० चंही. दुसरा सेन्सर ठाऊक असलेल्या कोनावर लावून फेजमधला फरक काढला की यातलं खरं कोण ते उघडं पडतं.

राहिला ताण. टोकाचं सरकणं सरळ ताणात बदलत नाही. मध्ये फायनाइट एलिमेंटचं मॉडेल (संगणकावर पात्याचे बारीक तुकडे पाडून हिशेब करणारं) लागतं, आणि प्रत्येक मोडला वेगळा गुणक. पहिल्या वाकण्याच्या मोडमध्ये टोक १०० मायक्रॉन सरकलं तर मुळाशी अमुक ताण; तेवढंच सरकणं पिळाच्या मोडमध्ये असेल तर ताण वेगळा आणि जागाही वेगळी. पिळाच्या मोडमध्ये पात्याची पुढची कड एका दिशेला जाते, मागची उलट. सेन्सर नेमका मधल्या न हलणाऱ्या रेषेवर बसला तर पातं पिळून निघालं तरी आलेख सपाट. म्हणून किरण टोकाच्या कुठल्या भागावरून जातो ते मोजून लिहून ठेवा. मोठ्या यंत्रात रोटर गरम होऊन आडवा सरकतो, तेव्हा ही जागाच बदलते. ४५ अंश तिरप्या पात्यासाठी १ मिलिमीटर आडवं सरकणं म्हणजे येण्याच्या जागेत तब्बल १ मिलिमीटरचा फरक, कंपन शून्य असतानाही. तुमच्या छोट्या चकतीत हा त्रास नसेल, पण परीक्षक विचारू शकतो.

गेलाबाजार एक सूचना सुरक्षिततेची: जाळीचं गार्ड पात्याच्या पातळीत पुरेसं जाड आहे का ते वर्कशॉपच्या माणसाकडून बघून घ्या, आणि रेझोनन्सवर रेंगाळताना पात्यांच्या पातळीत उभे राहू नका.

पहिल्या दिवशी चुंबक काढून टाका आणि १००० ते ३००० आरपीएम सावकाश फिरवा. धक्का नाही म्हणजे कंपन जवळपास नाही. जे काही दिसेल ते पात्यांच्या मांडणीतले फरक, शाफ्टची डगमग आणि तुमच्या यंत्रणेची खरखर. बारा पात्यांच्या क्रमाने आकडे मांडलेत आणि त्यांत एक साइनची लाट दिसली, तर ती शाफ्टच्या फिरत्या डगमगीची आहे, पात्यांची नाही. ही फाइल जपून ठेवा, पुढे प्रत्येक मोजणीतून हीच वजा करायची.

मग चुंबक लावा आणि २७०० च्या आसपास सेकंदाला १ आरपीएमने जा. ज्या पात्यावरचा गेज अजून जिवंत आहे त्याला हात लावू नका. स्लिप रिंगमध्ये कितीही खरखर असली तरी रेझोनन्सच्या त्या साडेतेरा आरपीएममध्ये १८० हर्ट्झचा सिग्नल तिच्यातून वर येईल. त्याच फेऱ्यांत त्याच पात्याचं सरकणं तुमच्या चार सेन्सरवरून काढा. गेजची विकृती आणि टोकाचं सरकणं यांचं गुणोत्तर मॉडेलच्या गुणकाशी जुळलं, तर उरलेल्या अकरा पात्यांचा ताण तुम्ही त्याच गुणकाने लिहू शकता. नाही जुळलं तर आधी त्रिज्या २०० घातली होती की १९५, ते बघा.